हॉटेलातला जुना फ्रीज घरी आणायचाय?

"ताई, ग्यास कालच नवीन भरलाय. बिनधास्त न्या."

गोदामात उभं राहून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. नवीन ग्यास म्हणजे मशीन ताजंतवानं, असा माझा हिशेब. नऊ हजारांत काचेच्या दाराचा उभा कूलर मिळत होता. घरी सहा माणसांचं दूध-भाजी, गणपतीतल्या मोदकांच्या ऑर्डरी आणि उन्हाळ्यातला आमरस हे सगळं मी अडीचशे लिटरच्या एका फ्रीजमध्ये कोंबत होते. दार लावताना आतून काहीतरी पडणार, हे ठरलेलं. म्हणून नऊ हजार दिले, छोट्या हत्तीत कूलर घातला आणि घरी आणला.

पुढच्या मे महिन्यात तो साडेपाच हजारांना विकला. त्यानंतर जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण आता ओळखीपाळखीत कुणालाही हॉटेल लाइनचा जुना माल घ्यायचा असला की फोन मला येतो.

आधी त्या ग्यासचं बोलू. फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीवरची मोट डोळ्यांसमोर आणा. पाणी म्हणजे आतली उष्णता, बैल म्हणजे कॉम्प्रेसर, आणि सतत खाली-वर करणारी मोट म्हणजे हा ग्यास. आतल्या कॉईलमध्ये त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं त्यामागेही हेच आहे. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून मागच्या जाळीत पाठवतो, तिथे तो उष्णता सोडून पुन्हा पातळ होतो आणि परत आत जातो. नळ्या सगळ्या झाळून बंद केलेल्या असतात. म्हणजे ग्यास स्कूटरच्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. मशीन धड असेल तर वीस वर्षं तोच ग्यास फिरत राहतो.

मग काल तो भरावा का लागला? कुणी आपल्याला म्हणालं, "कालच रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्यात, आता एकदम ठणठणीत," तर आपण आधी विचारू, "लागलं कुठे होतं?" इथेही तेच विचारायचं. गळती कुठे होती, ती झाळली का, आणि झाळल्यावर ड्रायर बदलला का? ड्रायर म्हणजे मागच्या बाजूला दिसणारी बोटाएवढी तांब्याची फुगीर नळी. आतली ओल आणि कचरा ती अडवते. सर्किट उघडलं की ती बदलायची असते, आणि ग्यास भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओलावा काढायचा असतो. नीट काम झालेलं असेल तर तिथे नवं तांबं चमकतं आणि झाळ ताजी दिसते. माझ्या कूलरमधला ड्रायर काळाठिक्कर होता. हे मला आठ महिन्यांनी कळलं, आत पुन्हा कोमट व्हायला लागलं तेव्हा.

ग्यास कुठला आहे तेही बघा. मशीनच्या मागे किंवा आतल्या भिंतीवर माहितीची पट्टी असते, तिथे आर १३४ए, आर ४०४ए, आर २९०, आर ६००ए असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. आर १२ दिसलं तर हात जोडून निघा. ओझोनचा थर विरळ करणारा हा ग्यास २०१० पासून भारतातून हद्दपार आहे, म्हणजे ते मशीन किती म्हातारं आहे ते समजा. आर २९० म्हणजे प्रोपेन आणि आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन, दोन्ही आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या ग्यासचे सख्खे भाऊ. वातावरणाच्या दृष्टीने हे चांगले. आर १३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमानवाढ करतो, आर ६००एचा आकडा तीनच्या आसपास. पण हे पेट घेतात. त्यांच्यासाठी बनवलेल्या मशीनमध्ये ग्यास मोजून थोडाच असतो आणि ठिणगी उडू नये अशी रचना असते, त्यामुळे वापरायला भीती नाही. भीती दुरुस्तीची. असा ग्यास आत असताना कुणी थेट टॉर्च पेटवून नळी झाळायला बसला, किंवा आर १३४एच्या जुन्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून सिलिंडरवाला ग्यास भरून मोकळा झाला, तर स्वयंपाकघरात काय आणून ठेवलंय ते आपल्यालाही माहीत नसतं. पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असेल तर मेकॅनिक त्या कामातला हवा.

बाजारात तीन प्रकारचा माल असतो आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिला काचेच्या दाराचा उभा कूलर. दुकानदार त्याला व्हिसी कूलर म्हणतात. हा बाटल्या दाखवायला बनवलाय. गिऱ्हाइकाला लांबून शीतपेय दिसावं म्हणून काच, आत ट्यूब, आणि दिवसातून दोनशे वेळा दार उघडलं तरी पुन्हा पटकन गार व्हावं म्हणून दणकट कॉम्प्रेसर. घरात यातलं काय लागतं? काहीच नाही. पण वीज मात्र आपण त्या सगळ्याचीच भरतो. भिंतीत पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम असतो, काचेत नसतो, त्यामुळे दारातून उष्णता दिवसभर आत झिरपते. पावसाळ्यात काचेवर इतकं दव धरायचं की खाली फडकं टाकून ठेवावं लागे. फ्रीझर नाही. आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता वरच्या फळीवर ठेवलेला थर्मामीटर ९ अंश दाखवत होता. सीलबंद शीतपेयाला ९ अंश चालतात. दूध, शिजवलेलं अन्न आणि माझ्या मोदकांचं सारण ५ अंशांच्या खाली हवं, कारण ५ ते ६० या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात.

विजेचं गणित मी नंतर मांडलं, आधी मांडायला हवं होतं. पिन आणि सॉकेटच्या मध्ये लावायचं एक छोटं मीटर मिळतं. ते लावून चोवीस तास ठेवलं, तर कूलरने ४.६ युनिट खाल्ले. माझ्या घरच्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला २३० युनिट लिहिलेत, म्हणजे दिवसाला पाऊणही नाही. महिन्याला कूलरचे १३८ युनिट. आपल्याकडे घरगुती बिलाचे टप्पे आहेत, १०० पर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. कूलरचे युनिट हे आपल्या आधीच्या वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणजे नेहमी वरच्या महागड्या टप्प्यात. युनिटला १२ रुपये धरले तरी महिन्याला साडेसोळाशे, वर्षाला जवळजवळ २० हजार. नऊ हजारांच्या वस्तूला! आणि खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते. दिवसाला ४.६ युनिट म्हणजे १९० वॉट, जणू जुने शंभरचे दोन पिवळे बल्ब आपण रात्रंदिवस पेटते ठेवलेत. माझ्या नवऱ्याने त्या उन्हाळ्यात डायनिंग टेबल तिथून हलवलं ते उगीच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे हॉटेलच्या भटारखान्यातला चार दारांचा स्टीलचा फ्रीज. बघताक्षणी प्रेमात पडावा असा. हजार लिटर जागा, जाड स्टील, मोठ्ठी हँडलं. एखादं हॉटेल बंद पडलं की हा निम्म्याहून कमी भावात मिळतो. माझ्या धाकट्या दिराने साताऱ्याला घेतला. त्याचं घर तळमजल्यावर आहे म्हणून तो आत तरी गेला. फ्लॅटवाल्यांनी आधी टेप घेऊन लिफ्टपाशी जावं. सहा माणसांच्या लिफ्टचा पिंजरा आतून साधारण ११०० बाय १००० मिलिमीटर असतो आणि हा फ्रीज सव्वा मीटर रुंद, दोन मीटर उंच. मग जिन्यावरून चार हमाल, आणि प्रत्येक वळणावर भिंतीचा रंग. दारातून नेताना तिरपा केला की त्याची उंची वाढते हेही ध्यानात येत नाही. दोन मीटर उंच आणि पाऊण मीटर खोल कपाट तिरपं करताना मधल्या क्षणी २.१४ मीटर होतं, म्हणजे सात फुटी चौकटीला टेकलंच.

घरात आल्यावर आवाज. हॉटेलच्या गोंगाटात कुणाला ऐकू येत नाही, पण रात्री अकराला हॉलमध्ये तो पंखा सुरू झाला की पाहुणे दचकतात. आणि ज्याची कुणी कल्पनाच करत नाही ते म्हणजे भाजीचं सुकणं. यात पंख्याने जोराची थंड, कोरडी हवा फिरवतात आणि भाजीचा झाकणवाला ड्रॉवर नसतो. हॉटेलात माल सकाळी येतो, रात्री संपतो, त्यांचं भागतं. जाऊबाईंनी सोमवारी आणलेली मेथी बुधवारी हातात घेतली तर चुरा. आता त्या फ्रीजमध्ये प्रत्येक गोष्ट डब्यात असते. तरी घरात बारा-पंधरा माणसं, रोजचा डबे पोचवण्याचा व्यवसाय आणि ठेवायला वेगळी खोली असेल तर मी याला नाही म्हणणार नाही. तेवढं नसेल तर उगाच हत्ती पोसणं आहे.

तिसरा प्रकार दिसायला सगळ्यात रटाळ. आडवा डीप फ्रीझर, वरून उघडणारा, पांढऱ्या पत्र्याच्या बंद झाकणाचा. घरासाठी जुना माल घ्यायचाच असेल तर हा घ्या. कारण अगदी साधं आहे. थंड हवा जड असते. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायांवर सांडते, या पेटीचं झाकण उघडलं तर ती विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. शिवाय भिंती जाड, काच नाही, बहुतेकांत पंखाही नाही. माझा तीनशे लिटरचा आहे आणि भर मे महिन्यात आमरसाने भरलेला असताना दिवसाला १.९ युनिट घेतो. फक्त काचेच्या सरकत्या झाकणाचा घेऊ नका, तो आईस्क्रीम दाखवायचा आहे आणि त्याची गत व्हिसी कूलरसारखीच.

याचा फ्रीज पण करता येतो. काही मशीनवर फ्रीझर आणि कूलर असं बटण असतंच. नसेल तर बाहेरून लावायचा टेंपरेचर कंट्रोलर मिळतो. त्याचा सेन्सर आत सोडायचा, ३ अंश लावायचे, आत तेवढं झालं की तो पेटीची वीज तोडतो. वीज फारच कमी लागते. पण आत तळाशी पाणी साचतं ते पुसावं लागतं, आणि कोथिंबिरीसाठी रोज पेटीत कमरेपर्यंत वाकायचं असेल तर सासूबाईंचं मत आधी घ्यावं. मी घेतलं. आमचा फ्रीझर फ्रीझरच राहिला.

बघायला जाल तेव्हा

गोदामात गेल्यावर आधी कॉम्प्रेसरला हात लावा. तो मागे खाली काळा, भोपळ्यासारखा असतो. गरम लागला तर तुम्ही यायच्या आधीपासून मशीन चालू होतं आणि "बघा कसा बर्फ झालाय" याला काही अर्थ उरत नाही. आपल्याला तो बंद अवस्थेतून सुरू होताना बघायचाय. दुसऱ्यांदा जाताना मी सकाळीच फोन करून सांगितलं, "दादा, रात्रीपासून बंद ठेवा, मी येऊन चालू करीन." बंदच असेल असं नाही, पण माणूस कळतो.

पिन बघा. तीन पिनांतली वरची जाडी पिन तोडलेली असेल, नाहीतर वायर कापून दोन पिनचा टॉप लावला असेल, तर त्या हॉटेलात हे मशीन अर्थिंगशिवाय चालत होतं. फ्रीज म्हणजे माणसाएवढा पत्र्याचा डबा, आणि स्वयंपाकघरातले आपले हात कायम ओले. त्या तुटलेल्या पिनमागे बऱ्याचदा एक गोष्ट असते. मशीनमधून करंट गळत होता, ईएलसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) सतत पडायचा, आणि कुणीतरी पिन तोडून प्रश्न "सोडवला". दुरुस्तीला सोपं असू शकतं, पण दुरुस्ती आधी आणि पैसे नंतर. घरीही १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा तसाच स्विच) असल्याशिवाय असलं मशीन लावू नका. एक्स्टेंशन बोर्डावर तर नाहीच.

मग चालू करा आणि चहा प्या. तासाभराने झाकण उघडून आतल्या भिंतींवरून बोट फिरवा. चारी बाजूंना सारखं पांढरं दव धरायला हवं. मी परत पाठवलेल्या एका पेटीत डावी भिंत पांढरी, उजवी कोरडी खडखडीत होती. म्हणजे ग्यास अर्धाच आहे, कॉईलच्या अर्ध्या वाटेवरच त्याची सगळी वाफ होऊन जाते आणि पुढच्या नळीला थंड करायला काही उरत नाही. गोदामवाला म्हणाला, "ती बाजू उशिरा पकडते ताई." पकडत नाही हो, ती बाजू.

बाहेरच्या पत्र्यावरूनही हात फिरवा. एखाद्या ठिकाणी ठिपक्यासारखं गार लागलं, घाम आला, तर आतला पफ भिजलाय. त्याला औषध नाही. रबर मात्र बदलता येतं. ते तपासायला दहाची नोट झाकणात अडकवून ओढायची, सहज सुटून आली तर रबर गेलं. नाहीतर मोबाईलची बॅटरी लावून आत ठेवायची, झाकण लावायचं आणि अंधारात कडेने उजेड फुटतो का बघायचं.

आणि झुरळं. हॉटेलातल्या फ्रीजच्या मोटरखान्यात ऊब असते, अंधार असतो, तेलकट धूळ असते. आमच्या पहिल्या कूलरबरोबर एक अख्खं खटलं घरी आलं. मागची जाळी उघडून बॅटरी मारा, काळ्या डाळीसारखी अंडी दिसतात. त्याच जाळीवर धुळीची गोधडी बसलेली असेल तर ती ब्रशने काढून घ्या, कारण उष्णता बाहेर टाकायची जागाच ती.

माहितीच्या पट्टीवर इंग्रजी एन, एसटी किंवा टी असं अक्षर असतं. बाहेर किती तापमान असताना मशीन नीट चालेल ते त्यावरून कळतं. एन ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ आणि टी ४३. पुण्या-मुंबईला एसटी निभावून जाईल. नागपूर, अकोला, चंद्रपूरकरांनी टीच घ्यावा, आणि तोही सावलीच्या खोलीत, कारण तिथे पारा ४५च्या वर जातो.

एक गोष्ट पैशांपलीकडची. शीतपेयांचे कूलर आणि आईस्क्रीमचे फ्रीझर बऱ्याचदा दुकानदाराच्या मालकीचे नसतातच. कंपनी ते दुकानात ठेवायला देते, मशीनवर नंबराची पट्टी असते, आणि दुकान बंद झालं की ते परत जायला हवं. जात नाही, गोदामात येतं. तुमच्या समोरच्या मशीनवर मोठ्ठं नाव आणि खरवडलेला नंबर असेल तर खरेदीची पावती मागा. पावती नसेल तर ती वस्तू विकण्याचा त्या माणसाला हक्क आहे की नाही हे त्यालाही ठाऊक नसावं, किंवा पक्कं ठाऊक असावं.

आणताना उभाच आणा. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असतं, आडवा केला की ते नळ्यांत जातं. झोपवावाच लागला तर घरी उभा करून चोवीस तास पिन लावू नका. त्यानंतरही वीज गेली आणि लगेच आली तर तीन-चार मिनिटं थांबायला हवं, नाहीतर दाबाखाली अडकलेल्या कॉम्प्रेसरला नेट लावावा लागतो आणि तो ओढून ओढून जळतो. हे थांबणं आपोआप करणारा स्टॅबिलायझर मिळतो, तो घ्याच. पंखे-दिव्यांच्या घरगुती इन्व्हर्टरवर जोडू नका, सुरू होताना कॉम्प्रेसर कितीतरी पट करंट मागतो. खाली पाण्याचा ट्रे असेल तर आठवड्याला रिकामा करा, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आणि झाकणाला कुलूप असेल तर किल्ली लहान मुलांच्या हाताबाहेर, पेटी कायम बंद. रिकामी पेटी अंगणात टाकून ठेवणार असाल तर झाकण काढून टाका, लपाछपीत मूल आत जाऊन बसतं.

आमची पेटी साडेदहा हजारांना मिळाली. सासूबाईंनी हळदीकुंकू लावलं, दुसऱ्या दिवशी पिन लावली, आणि दीड तासाने चारी भिंती सारख्या पांढऱ्या झाल्या. आता झाकणावर चिकटपट्टीने एक वहीचा कागद लावलाय. कुठल्या कोपऱ्यात किती डबे आमरस, किती पिशव्या मटार, कोणत्या तारखेचं सारण. पेटीच्या तळाशी गेलेली वस्तू पुन्हा दिवाळीलाच दिसते, म्हणून. काल उपसली तर त्यात कागदावर नसलेली एक पिशवी निघाली. ओलं खोबरं असावं, असा सासूबाईंचा अंदाज आहे.